लांब पल्ल्याची शर्यत आणि पाठीवरचें ओझें



गेल्या नवरात्रांत जगदंबेच्या दर्शनासाठीं माझा एक जुना विद्यार्थी केळापुरास आला होता. तो आतां इंग्लंडांत, लिव्हरपूल शहरीं नोकरीस आहे. त्या शहराच्या कडेला एनट्री नांवाचें मैदान असून तेथें दरवर्षीं एप्रिलच्या सुमारास ‘ग्रँड नॅशनल’ ही घोड्यांची शर्यत होते. सुमारें सव्वाचार मैलांचा पल्ला आणि वाटेंत कुंपणें, खंदक मिळून तीस उड्या! त्या दिवशीं त्याच्या कचेरींतील झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत प्रत्येकजण कोणत्या तरी घोड्यावर पैसे लावतो. ओसरीवर बसून त्यानें मला विचारलें, “गुरुजी, मागचें नीट वाचलें म्हणजे पुढचें थोडें दिसतें, असें तुम्ही इतिहास शिकवतांना म्हणत असां. मग या शर्यतीचा विजेता आधीं ओळखतां येईल का?”

मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि सारा जन्म खडूच्या धुळींत घालविलेल्या माणसाला घोड्यांविषयीं विचारणें म्हणजे गवंड्याला पोहण्याचें विचारण्यासारखें आहे. तथापि मीं तो प्रश्न टाळला नाहीं. याला दोन कारणें होतीं. त्यांपैकीं एक माझ्या स्वतःच्या आयुष्यांतलें व जरासें लाजिरवाणें आहे. तें यथावकाश सांगेन. दुसरें कारण आमच्या केळापूर-पांढरकवड्याच्या मातींतच आहे. लांब पल्ल्यावर कोणता घोडा टिकतो, या प्रश्नाचा निकाल एकदां याच भागांत लागला होता, आणि त्या वेळीं पणाला लागलें होतें तें मराठ्यांचें राज्य.

५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली व त्यानंतर दोन आठवड्यांच्या आंतच पुणें इंग्रजांच्या हातीं गेलें. तेथून दुसऱ्या बाजीराव पेशव्यांची धांव सुरू झाली. पुण्याहून साताऱ्याकडे, तेथून जुन्नरच्या डोंगरांत, १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांवाजवळ, मग दक्षिणेस कर्नाटकाच्या सीमेपर्यंत, परत फिरून सोलापुराच्या बाजूस, आणि पुढें गोदावरी ओलांडून वऱ्हाडांत. हा मार्ग मी वर्गांत मुलांकडून नकाशावर दोरा ठेवून मोजवून घेत असें. दर वर्षीं दोरा अपुरा पडे आणि कोणीतरी आपल्या करगोट्याचा तुकडा जोडी.

आतां कल्पना करा कीं, १८१७ च्या नोव्हेंबरांत एखाद्या चाणाक्ष सावकारानें या पाठलागावर पैज घेतली असती. दख्खन जाणणाऱ्या कोणीहि मराठी घोड्याच्या बाजूनेंच पैसे लावले असते. भीमा-नीरेच्या खोऱ्यांतलें तें भीमथडीचें तट्टू अंगानें लहान, पण मोठें चिवट; मिळेल तें खाऊन, घाट चढून, दुसऱ्या दिवशीं पुन्हां चालूं लागणारें. स्वाराचें सामान म्हणजे घोंगडी, भाला आणि दाण्याची पिशवी. उलट इंग्रजांच्या फौजेमागें तोफा, तंबू, दारूगोळा आणि बैलांचे तांडे. पहिल्या तीन महिन्यांत घडलेंहि तसेंच. जनरल स्मिथ मुक्कामावर पोहोंचावा, तों पेशव्यांची छावणी तेथून उठलेली असावी.

परंतु फेब्रुवारींत एक गोष्ट घडली, तिच्याकडे आमच्या पाठ्यपुस्तकांनीं पुरेसें लक्ष दिलें नाहीं असें मला नेहमीं वाटत आलें. सातारा हस्तगत केल्यावर इंग्रजांनीं आपल्या फौजेचे दोन भाग पाडले. जड पायदळ आणि किल्ले फोडण्याच्या मोठ्या तोफा एकीकडे काढून त्यांना किल्ल्यांच्या कामीं लावलें. घोडदळ, घोडतोफखाना आणि हलकी फौज तेवढी स्मिथबरोबर पाठलागास दिली. त्यानंतर अवघ्या दहाएक दिवसांत सोलापूर भागांतील आष्टीजवळ पेशव्यांची फौज गांठली गेली. बापू गोखले तेथें पडले आणि छत्रपति प्रतापसिंह इंग्रजांच्या हातीं आले. इकडे पेशव्यांचा लवाजमा मात्र खजिना, कुटुंबकबिला, हत्ती, उंट यांसहच चालला होता. नागपूरकर भोसल्यांचें साह्य मिळेल या आशेनें ते वर्धा नदीकडे आले, तों अप्पासाहेब भोसले आधींच कैदेंत पडले होते. एका बाजूस स्कॉट, दुसऱ्या बाजूनें हिंगणघाटाकडून ॲडॅम्स. १७ एप्रिल १८१८ रोजीं पांढरकवड्याच्या आसमंतांत शिवणी येथें ॲडॅम्सच्या घोडदळानें व घोडतोफखान्यानें ती फौज उधळून लावली. तोफा, हत्ती, उंट, खजिना सारें मागें राहिलें. बाजीराव घोड्यावर बसून निसटले खरे, पण ३ जूनला त्यांनीं माल्कमच्या स्वाधीन होऊन आठ लाखांच्या सालिना तनख्यावर बिठूरची वाट धरली.

पराभवाचीं कारणें एकट्या ओझ्यांत नव्हतीं, हें मी जाणतों. सरदार फुटले होते, मनें खचलीं होतीं आणि धन्याच्या अंगीं उभें राहून लढण्याची धमक नव्हती. पण नुसत्या धांवण्याचाच हिशेब करावयाचा तर घोडे तेच होते. ओझीं तेवढीं बदललीं होतीं. माझ्या विद्यार्थ्याला मीं प्रथम हेंच सांगितलें, कारण त्यानें विचारलेल्या इंग्रजी शर्यतीचा सारा डाव ओझ्यावरच रचलेला आहे.

या शर्यतीचें ‘स्टीपलचेस’ हें नांवच तिचा उगम सांगतें. स्टीपल म्हणजे ख्रिस्ती देवळाचें उंच शिखर. १७५२ सालीं आयर्लंडांतील कॉर्क परगण्यांत ब्लेक आणि ओ’कॅलघन या दोन गृहस्थांनीं बटवंटच्या देवळापासून डोनरेलच्या देवळापर्यंत, वाटेंतले बांध, ओढे, कुंपणें ओलांडीत सुमारें साडेचार मैल घोडे फेंकले, अशी कथा आहे. समोर शिखर दिसत असे. वाट ज्याची त्यानें काढावयाची. पुढें हा खेळ आंखलेल्या मैदानांत आला. एनट्रीच्या मोठ्या शर्यतीचा आरंभ सामान्यतः १८३९ पासून मोजतात. त्या वर्षीं ‘लॉटरी’ नांवाचा घोडा जिंकला, आणि कॅप्टन बेचर नांवाचा स्वार एका ओढ्यांत पडला. त्या उडीला अद्यापहि त्याचेंच नांव आहे. जिंकणाऱ्याचें नांव पुस्तकांत राहिलें, पडणाऱ्याचें जमिनीवर राहिलें!

लॉटरी इतका सरस निघाला कीं १८४१ मध्यें त्याच्या पाठीवर अठरा पौंड अधिक वजन चढविण्यांत आलें, आणि १८४३ पासून तर ही शर्यत रीतसर ‘हँडिकॅप’ झाली. हँडिकॅप याचा अर्थ असा कीं, एक जाणकार अधिकारी सर्व घोड्यांच्या मागील धांवा पाहतो आणि जो बलवान त्याला जास्त, जो दुर्बल त्याला कमी असें वजन नेमून देतो. स्वार, खोगीर आणि कमी पडल्यास शिशाचे पत्रे मिळून तें वजन पुरें करावयाचें. शर्यतीपूर्वीं व नंतर स्वाराला खोगिरासह ताजव्यांत बसवावयाचें. अधिकाऱ्याची इच्छा ही कीं, सर्व घोडे एकाच क्षणीं अंतिम रेषेवर यावेत. तसें कधींच होत नाहीं, पण त्याच्या कौशल्याची कसोटी तीच.

या विद्येला शास्त्राचें रूप दिलें तें ॲडमिरल रौस या दर्यावर्दी गृहस्थानें. कोणत्या वयाच्या घोड्यानें कोणत्या महिन्यांत किती पल्ल्यावर किती वजन वाहावें, याचें कोष्टक त्यानें बांधलें. ज्या १८५१ सालीं बाजीराव बिठुरास वारले, त्याच सालीं यॉर्क येथें ‘फ्लाइंग डचमन’ आणि ‘व्होल्टिजर’ या दोन नामांकित घोड्यांचा सामना झाला. आदल्या वर्षीं व्होल्टिजरनें वयानें थोरल्या डचमनला हरविलें होतें. रौसनें ठरविलें कीं, पांच वर्षांच्या डचमननें चार वर्षांच्या व्होल्टिजरपेक्षां साडेआठ पौंड जास्त वाहावे. दोन मैल धांवून डचमन जेमतेम एका घोड्याच्या लांबीनें जिंकला. दोन घोड्यांतला फरक असा पौंडांत आणि अर्ध्या पौंडांत सांगतां यावा, याचें मला आजहि नवल वाटतें.

आपल्याकडील अश्वपरीक्षा निराळ्या वाटेनें गेली. शालिहोत्राच्या नांवावर चालत आलेली विद्या घोड्याचें अंग पाहते: मान, छाती, खूर, रंग आणि अंगावरचे भोवरे. अमुक ठिकाणचा भोवरा धन्याला लाभतो, तमुक ठिकाणचा घात करतो, असें जुनीं माणसें खात्रीनें सांगत. भोवऱ्यांचें मला पटत नाहीं. पण छाती, खूर आणि चाल पाहणें मुळींच चुकीचें नव्हतें. आमच्या विदर्भांतील शंकरपटांतहि जाणता शेतकरी बैलाचे दांत, खांदा आणि पाय पाहूनच जोडी जोखतो. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें पट बंद पडले व २०२१ च्या डिसेंबरांत पुन्हां मोकळे झाले. मधल्या वर्षांत कित्येकांनीं पटाच्या जोड्या विकल्या. पटांत अट एकच, जी जोडी घड्याळाप्रमाणें आधीं पोहोंचेल ती जिंकली. एका वृद्ध धुरकऱ्याला मीं हँडिकॅपची रीत समजावून सांगितली, तेव्हां तो कांहीं वेळ गप्प राहून म्हणाला, “मंग चांगला बैल कायले पोसाचा, गुरुजी?” त्याच्या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. समान वजनाच्या शर्यती घोड्यांतहि आहेत. मुंबईस १९४३ सालीं पहिली इंडियन डर्बी झाली व ती बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’नें जिंकली, तेथें उत्तम जनावर कोणतें एवढाच प्रश्न असतो. हँडिकॅपमध्यें तो प्रश्न अधिकाऱ्यानें आधींच सोडवून वजनांत घातलेला असतो. आपण विचारावयाचें तें एवढेंच कीं, त्याचा हिशेब कोणत्या घोड्याबाबत चुकला आहे?

हें मला पुस्तकांतून कळलें नाहीं. येथें तें लाजिरवाणें प्रकरण सांगणें प्राप्त आहे. नोकरी लागून दोन वर्षें झालीं असतील. कांहीं कामानिमित्त एका मोठ्या शहरीं गेलों होतों, खिशांत महिन्याचा पगार होता, आणि एका सोबत्याबरोबर शर्यतीच्या मैदानावर गेलों. एका घोड्याविषयीं सर्वजण बोलत होते. मागच्या दोन शर्यती त्यानें सहज जिंकल्या होत्या. अंग तुकतुकीत, मान धनुष्यासारखी. मीं सर्व पगार त्याच्यावर लावला. तो चौथा आला. शेजारीं बसलेल्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थानें माझ्या हातांतला छापील कागद घेऊन त्यावर बोट ठेवलें. त्या दोन विजयांमुळें माझ्या घोड्यावर सर्वांत जास्त वजन चढलें होतें, आणि जो जिंकला त्याच्या पाठीवर सर्वांत कमी. तो म्हणाला, “मास्तर, तुमी घोडा पाहिला, कागद नाय पाहिला.”

घरीं येऊन मीं सांगितलें कीं गाडींत खिसा कापला गेला. तो महिना पत्नीनें कसा काढला हें मीं विचारलें नाहीं. गळ्यांतील चार पुतळ्यांपैकीं एक दिसेनाशी झाली, एवढें मात्र पाहिलें. या विद्यार्थ्याच्या निमित्तानें, इतक्या वर्षांनीं, मीं तिला खरें सांगितलें. ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करतां म्हणाली, “मला ठाऊक होतें. खिसा कापलेला सदरा टांका घालायला तुम्ही दिलाच नाहीं.”

असो. आतां वजनाचें काम प्रत्यक्षांत कसें चालतें, तें एका उदाहरणावरून पाहूं. १९७३ च्या ग्रँड नॅशनलमध्यें ‘क्रिस्प’ या ऑस्ट्रेलियन घोड्यावर बारा स्टोन, म्हणजे १६८ पौंड होते; ‘रेड रम’वर दहा स्टोन पांच पौंड, म्हणजे १४५. फरक तेवीस पौंडांचा, आपल्या मापानें साडेदहा किलोंच्या आंतबाहेर. क्रिस्प आरंभापासून पुढें गेला, इतका कीं मागचे घोडे त्याच्या खिजगणतींत नव्हते. शेवटची उडी झाल्यावर त्याचे पाय जड झाले, तो तिरपा जाऊं लागला, आणि अगदीं रेषेजवळ रेड रमनें त्याला गांठलें. अंतर पाऊण लांबीचें. लांब पल्ल्यावर एक पौंड म्हणजे साधारण एक घोडालांबी, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. त्या हिशेबानें समान वजन असतें तर क्रिस्प वीस-बावीस लांबींनीं जिंकला असता. तिसरा घोडा पंचवीस लांबी मागें होता. म्हणजे या दोघांपुरता अधिकाऱ्याचा हिशेब जवळजवळ बिनचूक ठरला, आणि तरीहि त्या दिवशीं उत्तम घोडा हरला, असें म्हणणारे लोक तेथें अजून आहेत. मीहि त्यांच्यांतलाच.

एवढ्यावरून हलकें वजन तेवढें पाहावें असें कोणी ठरवील, तर तो फसेल. पुढच्याच वर्षीं रेड रमवर तेच तेवीस पौंड चढवून बारा स्टोन केले गेले आणि तो पुन्हां जिंकला. १९७५ व १९७६ सालीं दुसरा आला, १९७७ सालीं अकरा स्टोन आठ पौंड घेऊन तिसऱ्यांदां जिंकला. त्या मैदानाशीं त्याचें जमलेलें होतें. पाय कोठें ठेवावा हें त्याला कळत असे, आणि पडलेल्या घोड्यांना तो वळसा घालून जात असे. हें कोष्टकांत मावत नाहीं. याच्या उलट ‘गोल्डन मिलर’. १९३४ सालीं बारा स्टोन दोन पौंड वाहून त्यानें शर्यत मारली. दुसऱ्या वर्षीं सर्वांचा भरंवसा त्याच्यावर, भाव अवघा एकास दोन, आणि गड्यानें पहिल्याच फेरींत स्वाराला खालीं टाकलें! १९६७ ची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. चव्वेचाळीस घोडे सुटले. तेविसाव्या, मैदानांतल्या अगदीं लहानशा उडीपाशीं एक स्वाराविणा मोकळा घोडा आडवा आला आणि मागून येणारे सारे एकमेकांवर आदळले. ‘फॉइनव्हॉन’ नांवाचा एक रेंगाळत येणारा घोडा इतका मागें होता कीं, तो येईतों गर्दीतून वाट दिसूं लागली होती. त्याचा भाव एकास शंभर. तो एकटा पलीकडे गेला व जिंकला. पूर्वीं केलेल्या कोणत्याहि अभ्यासानें तो घोडा कोणाला सांपडला नसता.

तरीहि अभ्यास व्यर्थ नाहीं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि १९९६ सालीं घोड्यांच्या शर्यतींत कौशल्याचा भाग प्रधान असल्याचा निर्वाळा दिला आहे. प्रथम पाहावयाचें तें हें कीं, घोड्याला तीन मैलांपलीकडे दम आहे काय. दोन मैल वाऱ्यासारखा जाणारा घोडा चौथ्या मैलाला बैलगाडी होतो. मग उड्या, पूर्वीं किती वेळां पडला? वय बहुधा आठ ते अकरा असावें. सात वर्षांचा घोडा १९४० नंतर एकदम २०२२ सालींच जिंकला. जमीन पावसानें मऊ असेल तर प्रत्येक पौंड जास्त जाणवतो. आणि वजन पाहतांना नुसता आंकडा पाहूं नये. तो आंकडा ज्या धांवांवरून ठरला त्यानंतर घोडा सुधारला कीं बिघडला, हें पाहावें. कांहीं लबाड मालक वजन उतरावें म्हणून घोड्याला मुद्दाम मागें ठेवतात. पंच त्यांना दंड करतात, पण प्रत्येक वेळीं पकडतातच असें नाहीं. म्हणून सलग वाईट धांवा दिसल्या तर घोडा खरोखर थकला आहे कीं राखून ठेवला आहे, हें एक कोडेंच असतें.

एक गणित मात्र कोणासहि करतां येतें. तीन घोड्यांची शर्यत धरा. एकाचा भाव एकास एक, दुसऱ्याचा एकास दोन, तिसऱ्याचा एकास तीन. म्हणजे पैजेवाल्याच्या मतें त्यांच्या जिंकण्याचा संभव अनुक्रमें एक द्वितीयांश, एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश. बेरीज करा, एक पूर्णांक एक बारांश येते. घोडा तर एकच जिंकणार! तो जादा बारांश पैजेवाल्याच्या घरीं जातो, मग कोणीहि जिंको. सातवीच्या मुलांना अपूर्णांक शिकवतांना मी हें उदाहरण देत असें. त्यामागची हकीकत मात्र कधीं सांगितली नाहीं.

एप्रिलांत विद्यार्थ्यानें सर्व घोड्यांची यादी पाठविली. २०२४ पासून तेथें चौतिसांहून अधिक घोडे सोडीत नाहींत. यादींत तितकेच होते. मीं पेन्सिल घेऊन ओसरीवर बसलों. तीन मैलांपलीकडे न धांवलेले खोडले, दोनदां पडलेले खोडले, बारा वर्षांचे म्हातारे खोडले. मग वजनांशीं ताडून पाहत पाहत संध्याकाळीं तीन नांवें उरलीं. त्या तिघांतून एक निवडणें माझ्यानें झालें नाहीं. तिन्हीं तशींच कळविलीं, आणि पैसे लावूं नकोस हेंहि लिहिलें. पत्नीनें चष्मा लावून तो कागद वाचला आणि मधल्या नांवावर बोट ठेवलें. कां, तें सांगितलें नाहीं.

तो घोडा चौथा आला. उरलेले दोघे पोहोंचलेच नाहींत.